एका सामन्यासाठी साडेआठ महिने

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा सामना बघायला आम्ही कोल्हापूरहून अमेरिकेतल्या ॲन आर्बरला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे 69 वर्षांचे वडील, आण्णा. आल्यापासून तीन-चार जणांनी तेच प्रश्न विचारले: व्हिसाला काय सांगितलं, तिकिटं कुठून काढली, किती खर्च आला, वयस्कर माणसाला झेपतं का. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते. तारखा डायरीत होत्या, त्यामुळे सोपं गेलं.

आधी थोडं मागचं. 2014 च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला ॲन आर्बरला गेले. मी शिवाजी पेठेतली. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील, आणि हरल्यावर दोन दिवस घरात शांतता, हे बघत वाढलेली. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा असतो एवढंच ठाऊक होतं. पहिल्या शनिवारी मैत्रिणीनं ओढत नेलं. नियम एक कळला नाही, पण शेजारचा सत्तरीचा माणूस दर चेंडूला जसा उठून बसत होता ते मला पूर्ण कळलं. तो पेठेतलाच वाटला.

त्या वर्षी टीम 5 जिंकली, 7 हरली. पुढच्या वर्षी 17 ऑक्टोबर 2015 ला मिशिगन स्टेटविरुद्ध 10 सेकंद राहिले होते, आम्ही पुढे होतो, नुसता चेंडू लाथेनं लांब उडवायचा होता. तो हातातून निसटला, त्यांनी उचलला आणि पळत गेले. 27-23. मी स्टँडमध्ये होते. लाखभर माणसं एकदम गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. त्या दिवसापासून ही टीम माझी. जिंकणाऱ्या टीमवर प्रेम बसणं सोपं असतं, मला त्या शांततेनं बांधून घेतलं.

2018 मध्ये परत आले, पुण्यात नोकरी धरली. मग सुरू झालं लांबून बघणं. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी वेळेचं गणित सांगते, कारण पहिल्या वर्षी माझे दोन सामने यातच हुकले. ऑक्टोबरअखेरपर्यंत ॲन आर्बर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथला दुपारी 12 चा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री 9:30 ला, 3:30 चा रात्री 1 ला, आणि संध्याकाळी 7:30 चा रविवारी पहाटे 5 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, की सगळं आपल्याकडे तासभर पुढे सरकतं. ओहायो स्टेट म्हणजे आमचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांच्याशी सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, बहुतेक दुपारी बाराला, म्हणजे आपल्या रात्री 10:30 ला. तो शनिवार मी वर्षाच्या सुरुवातीलाच मोकळा ठेवते. लग्नाची निमंत्रणं त्याप्रमाणे निवडते.

चित्र मिळालं नाही तर मी टीमच्या रेडिओचं समालोचन ऐकते. नव्या माणसाला माझा सल्ला, सुरुवात रेडिओनंच करा. समालोचक प्रत्येक वेळी कुठल्या यार्डावर आहेत, कितवा डाव, किती अंतर बाकी, हे सांगतोच. महिन्याभरात मैदान डोळ्यांपुढे उभं राहतं.

2020 च्या टाळेबंदीत मी कोल्हापूरला घरी होते. हंगाम उशिरा सुरू झाला. पहिला सामना मिनेसोटाशी, आपल्याकडे 25 ऑक्टोबरला पहाटे 5 वाजता. त्या दिवशी दसरा होता. आण्णा झेंडूच्या माळा करायला उठले होते. चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय, कुस्तीच आहे की." मी म्हटलं, चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलं तर परत चार डाव, नाहीतर चेंडू त्यांचा. ते खुर्ची ओढून बसले. सुई-दोरा हातातच. माळ अर्धी राहिली, आम्ही 49-24 नं जिंकलो, आणि आई आतून ओरडली की पूजेला फुलं कुठायत.

त्यानंतर आण्णांचा एक सामना चुकला नाही. 2021 च्या नोव्हेंबरात, बर्फ पडत असताना आम्ही ओहायो स्टेटला 42-27 नं हरवलं. 2011 नंतर पहिल्यांदा. तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि आण्णांनी गल्लीतल्या दोस्ताला फोन लावला. त्या बिचाऱ्यांना मिशिगन कुठं आहे तेही माहीत नव्हतं, पण त्यांनी अभिनंदन केलं.

9 जानेवारी 2024, मंगळवार. सकाळी 6 ला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, वॉशिंग्टनशी. मी रजा काढून कोल्हापूरला आले होते. 34-13 नं जिंकलो. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, एकदा ते मैदान डोळ्यानं बघूया की." मी त्याच दिवशी वही काढली.

पहिली अडचण: आण्णांकडे पासपोर्टच नव्हता. त्याच्याही आधीची अडचण: जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1955. त्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो तो. जिल्हा परिषदेच्या नोकरीत आणि पेन्शनच्या कागदांवरही तीच. पण आधारवर 1 जानेवारी 1955. घरात कुणाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या आई-वडिलांचा पासपोर्ट काढायचा असेल तर आजच सगळी कागदं एका टेबलावर मांडा आणि नाव, जन्मतारीख, स्पेलिंग एकाखाली एक लिहून बघा. आमचे तीन आठवडे यात गेले. आधार केंद्रावर 50 रुपये भरले, पेन्शनचा कागद पुरावा म्हणून चालला. पहिल्या फेरीला सर्व्हर बंद, दुसऱ्या फेरीला आण्णांच्या बोटांचे ठसे उमटेनात. दुरुस्ती होऊन आली 3 फेब्रुवारीला.

6 फेब्रुवारीला पासपोर्टचा अर्ज भरला. साधी फी 1,500, पण साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट असते, म्हणून 1,350. पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरात पोस्टातच आहे, पुण्याला यावं लागलं नाही. 14 तारखेची वेळ मिळाली, तासाभरात काम झालं. मग पोलीस पडताळणी. बारा दिवस कुणाचा फोन नाही. आण्णा दोनदा स्वतः चौकशीला जाऊन आले, दोन्ही वेळा "उद्या या" ऐकून परतले. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले, अर्जाचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, आणि काम झालं. 9 मार्चला स्पीड पोस्टानं पासपोर्ट आला. आण्णांनी तो देवापुढे ठेवला, मग कपाटात, मग परत काढून बघितला.

आता व्हिसा. माझा जुना विद्यार्थी व्हिसा 2019 लाच संपला होता, त्यामुळे दोघांनाही बी1/बी2, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाचा नवा अर्ज आणि मुलाखत. फी माणशी 185 डॉलर, आमच्या वेळच्या दरानं 15,540 रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. हे आण्णांना सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सांगितलं. त्यांनी विचारलं, "एकाला मिळाला आणि एकाला नाही तर?" मी म्हटलं, मग कुणीच जायचं नाही. पण ती भीती पुढचे पाच महिने माझ्या पोटात बसून राहिली.

डीएस-160, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म, मी स्वतः भरला. आधी एका एजंटाकडे गेलो होतो. तो 4,000 मागत होता, वर सल्ला देत होता की सामन्याचं कारण सांगू नका, नातेवाइकांना भेटायला जातोय असं लिहा. तिथं आमचं कुणी नातेवाईक नाही. आण्णा उठले आणि बाहेर चालू लागले. फॉर्म लांबलचक आहे पण अवघड नाही. दर पानाला सेव्ह करा, कारण वीस मिनिटं हात लावला नाही तर बाहेर फेकतो. वर दिसणारा अर्ज क्रमांक पहिल्याच मिनिटाला लिहून घ्या. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय. मुलाखतीची वेळ घेताना जो पुष्टी क्रमांक घालता, तोच फॉर्म सोबत न्यायचा. दुरुस्ती करून नवा फॉर्म भरला असेल तर क्रमांकही बदलून घ्या.

12 मार्चला फी भरली. मुंबईची पहिली तारीख दिसली नोव्हेंबरची. तोवर घरचे सामने संपत आले असते. मी ती घेऊन ठेवली आणि रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकदा साइट उघडून बघायला लागले. एकदाच. सारखं उघडलं तर खातं काही काळ गोठतं, तेही मी एप्रिलमध्ये भोगलं. 21 मे ला सकाळी सव्वासातला दोन जागा एकत्र दिसल्या: बायोमेट्रिक 12 ऑगस्ट, मुलाखत 13 ऑगस्ट. बटण दाबताना हात कापत होता.

सामना कुठला निवडायचा हे आता ठरवता आलं. ओहायो स्टेट त्या वर्षी त्यांच्या घरी होता, म्हणजे तो नाहीच. 21 सप्टेंबर, शनिवार, यूएससी. कॅलिफोर्नियाची मोठी टीम, आमच्या गटात नव्यानं आलेली, गटातला त्यांचा हा पहिलाच सामना. ऑगस्टनंतर पुरेसा वेळ आणि थंडीही नाही, आण्णांच्या सांध्यांचा विचार होता. शिवाय अनंत चतुर्दशी 17 ला. मिरवणूक सोडून आण्णा कुठंच आले नसते आणि मीही नसते आले.

इथे एक सांगते. सामन्याचा दिवस वर्षभर आधी कळतो, पण वेळ टीव्हीवाले ठरवतात, कधी कधी सामन्याच्या 12 दिवस किंवा अगदी 6 दिवस आधी. त्यामुळे शनिवारचं विमान कधीही काढू नका, ना जायचं ना यायचं. सामन्याची तिकिटं मी जुलैमध्ये फेरविक्रीतून घेतली, एकेक 188 डॉलर. आमच्या वेळी, 2024 मध्ये, पहिल्यांदा दाखवायचे त्या किमतीत फी नसायची, ती शेवटच्या पानावर वाढायची, म्हणून फीसकट किंमत दिसेल अशी खूण आधीच करून ठेवावी लागायची. महाग पडलं, मान्य. छोट्या टीमशी सामना असेल तर याच्या कितीतरी कमीत काम होतं, आणि मैदान तेच असतं. व्हिसाच्या आधी तिकिटं घेण्याचं धाडस केलं कारण ती परत विकता येतात. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत घेतलं नाही.

11 ऑगस्टला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. 12 ला बोटांचे ठसे आणि फोटो, वीस मिनिटं. 13 ला सकाळी 8:30 ची वेळ. बीकेसीतल्या वकिलातीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून आम्ही ते लॉजवरच ठेवले आणि कुठं भेटायचं ते आधी ठरवलं. आण्णांच्या हातात प्लास्टिकची फाइल: पेन्शन, घराचा उतारा, बँकेचं पासबुक, आणि सर्वात वर सामन्याच्या तिकिटाची छापलेली प्रत. इस्त्रीचा पांढरा शर्ट. रांगेत ते माझ्यापुढे उभे राहिले, "मी पोरीच्या मागं लपणार न्हाई" म्हणून.

आम्हाला एकाच खिडकीवर बोलावलं. अधिकारी तरुण होता. त्यानं हिंदीत विचारलं, अमेरिकेला कशासाठी. आण्णा म्हणाले, मॅच देखने. कुठली? मिशिगन. कुणाशी? यूएससी. मग त्यानं मान वर केली आणि विचारलं, तुम्ही ही टीम कधीपासून बघता? आण्णा म्हणाले, "2020 के दसरे से." मला विचारलं तिथे काय शिकले, परत का आले, आता काय करते. फाइल कुणी उघडायलाही सांगितली नाही. तीन मिनिटं झाली असतील. व्हिसा मंजूर म्हणाला आणि पासपोर्ट ठेवून घेतले. बाहेर येऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आण्णांनी फाइल छातीशी धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. अंबाबाईला काहीतरी बोलत असावेत.

पासपोर्ट 22 ऑगस्टला मिळाले. त्याच रात्री आम्स्टरडॅममार्गे डेट्रॉइटची तिकिटं काढली, जाऊन-येऊन माणशी 98,000. आण्णांसाठी तिकिटासोबतच व्हीलचेअरची मागणी नोंदवली. त्यांना चालता येतं, पण मोठ्या विमानतळावर रांगांमध्ये दोन-दोन तास उभं राहणं वेगळं, आणि सोबत माणूस असला की चुकायची भीती नसते. प्रवास विमा दोघांचा 4,800, त्यात आण्णांचा बहुतेक. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

7 सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच रात्री 9:30 ला टेक्ससनं आम्हाला आमच्याच मैदानावर 31-12 नं धुतलं. आरास शेजारीच, समई तेवत होती. मला पहिल्यांदा वाटलं की एवढा खर्च करून आपण आण्णांना हरताना दाखवायला नेतोय का. त्यांना म्हणून बघितलं. ते म्हणाले, "शिवाजीची मॅच जिंकणार म्हणून बघाय जातो व्हय मी?"

आई येणार नव्हती, तिचे गुडघे. पण तिचा खरा आक्षेप वेगळा होता: 18 ला पितृपक्ष लागतो, त्याच दिवशी घराबाहेर पडायचं? शेवटी सर्वपित्रीच्या आत परत येतो या अटीवर तिनं होकार दिला आणि भडंगाचे दोन डबे भरले. 17 ला आण्णा महाद्वार रोडवर मिरवणूक बघत रात्री उशिरापर्यंत उभे होते. 18 ला सकाळी कोयना एक्स्प्रेस, रात्री मुंबई विमानतळ.

19 तारखेला दुपारी डेट्रॉइटला उतरलो. खाण्याचे पदार्थ आहेत का, या प्रश्नाला सरळ हो म्हणा. आम्ही भडंग आणि कांदा-लसूण चटणी दाखवली, मांस नाही ना एवढं विचारून सोडलं. विमानतळावरून ॲन आर्बरच्या बस डेपोपर्यंत थेट बस आहे, टॅक्सीपेक्षा खूप स्वस्त. हॉटेल मात्र ॲन आर्बरमध्ये घेतलं नाही. सामन्याच्या आठवड्यात तिथले दर दुप्पट-तिप्पट होतात आणि किमान दोन-तीन रात्रींची सक्ती असते. आम्ही शेजारच्या यप्सिलँटीत राहिलो, रात्रीला 128 डॉलर, आणि 4 नंबरच्या सिटी बसनं ये-जा केली.

शुक्रवारी आण्णांना माझं कॉलेज दाखवलं. मधल्या चौकात जमिनीत पितळी एम बसवलाय. पहिल्या परीक्षेच्या आधी त्यावर पाय पडला तर पेपर जातो असं मुलं मानतात. आण्णा तो पूर्ण वळसा घालून गेले, माझ्या सगळ्या परीक्षा संपून आठ वर्षं झाली तरी. मग दुकानात दोघांना मक्याच्या रंगाचे टी-शर्ट घेतले. टीमचे रंग मेझ आणि निळा, आणि मेझ म्हणजे मका.

21 सप्टेंबर. सामना दुपारी 3:30 ला. आम्ही 11 लाच पोचलो, कारण खरं बघायचं ते आधीच असतं. स्टेडियमसमोरच्या शाळेच्या पार्किंगमध्ये आणि गोल्फच्या हिरवळीवर गाड्यांची मागची दारं उघडी, शेगड्या पेटलेल्या, खुर्च्या टाकलेल्या. माझा विद्यार्थीदशेतला एक मित्र डेट्रॉइटजवळ राहतो, त्यानं बोलावलं होतं. शेजारच्या गाडीवाल्या आजी-आजोबांनी आण्णांना मांसाचं ताट पुढे केलं. आण्णांचा शनिवार आणि वर पितृपक्ष. त्यांनी हात जोडले, भाजलेलं कणीस घेतलं आणि बदल्यात भडंगाचा डबा उघडला. आजोबांनी आधी चार दाणे उचलले, मग ओंजळ पुढे केली. ते 1960 च्या दशकापासून येतात म्हणाले. मी भाषांतर करत होते, पण थोड्या वेळानं माझी गरज राहिली नाही. एकजण बोटांनी जुने स्कोअर सांगत होता आणि दुसरा मान हलवत होता.

आत जाण्याविषयी काही गोष्टी. पिशव्यांचे नियम फार कडक आहेत, त्या आठवड्यात साइटवर बघून घ्या. आम्ही हात मोकळे ठेवले, खिशात फक्त पाकीट, फोन आणि गोळ्या. तिकीट फोनवरच असतं. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून ते आधीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा आणि चार्जिंग राखा. बाकं धातूची, पाठ टेकायला काही नाही, आणि माणशी जागा अगदी थोडी. दुपारच्या सामन्याला पूर्वेच्या बाजूची तिकिटं घेतलीत तर शेवटपर्यंत ऊन तोंडावर येतं, आमचं तेच झालं. टोपी घ्याच.

हे मैदान 1927 चं आणि बहुतेक भाग जमिनीत खोदलेला. बाहेरून एवढं मोठं वाटतच नाही. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरता आणि एकदम पायाखाली वाटी उघडते. बसायची क्षमता 1,07,601. आण्णा बोगद्यातून बाहेर आले आणि पायरीवर थांबले. मागचे लोक खोळंबले तरी हलेनात. समोर सगळा पिवळा. "पट्टणकोडोलीला भंडारा उधळलाय बघ," म्हणाले. दहा वर्षं मी त्या रंगाला मक्याचाच म्हणत आले होते. आता तो मला भंडाराच दिसतो.

बँड आला. त्यांचा म्होरक्या मागे वाकत वाकत डोकं जमिनीला टेकवतो, तेव्हा आण्णांनी लेझीमवाल्याला देतात तशी दाद दिली. मग पंखांचं नक्षीकाम असलेली शिरस्त्राणं घालून खेळाडू धावत आले आणि उड्या मारून निळ्या फलकाला हात लावत गेले.

सामना कसा झाला ते अनेकांना माहीत असेल, तरी मला सांगायचंय. आमच्या केलेल मुलिंग्जनं 53 यार्ड पळून पहिला टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, डॉनोव्हन एडवर्ड्सनं 41 यार्ड. मध्यंतराला 14-3. त्यानंतर यूएससीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, सापडेचना. विल जॉन्सननं त्याचा एक पास मध्येच पकडून 42 यार्ड परत नेला तरी ते येतच राहिले. आमचा क्वार्टरबॅक पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता, सबंध सामन्यात त्याच्या पासांमधून 32 यार्ड मिळाले. सात मिनिटं राहिली आणि ते 24-20 नं पुढे. माझ्या मनात 2015 ची ती शांतता यायला लागली.

चार मिनिटांच्या आसपास चेंडू मिळाला, स्वतःच्या 11 यार्डांवर. म्हणजे 89 यार्ड जायचं आणि पास चालत नाहीत. आण्णांनी माझं मनगट धरलं. मुलिंग्जला दोघांनी अडवलं, तो सुटला आणि 63 यार्ड पळाला. काय आवाज झाला ते मला लिहिता येणार नाही. बाक खालून थरथरत होतं, एवढं कळलं. पुढे अगदी थोडं अंतर राहिलं. पहिला डाव, दुसरा, तिसरा, नाही. चौथा डाव. 37 सेकंद. त्यांनी पुन्हा मुलिंग्जकडेच चेंडू दिला आणि तो रेटून आत गेला. 27-24.

आण्णा रडत होते आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी पोराच्या पाठीवर थापा मारत होते, "लई भारी, लई भारी!" त्या पोरानं तसंच ओरडून दाखवलं. माझ्या मनगटावर त्यांच्या चार बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते.

गर्दी ओसरेपर्यंत अर्धा तास बसून राहा, हा शेवटचा व्यवहारी सल्ला. त्या अर्ध्या तासात मी घरी मेसेज टाकला. कोल्हापुरात पहाटेचे साडेचार वाजून गेले होते. म्हटलं आई झोपेतून उठल्यावर वाचेल. लगेच व्हिडिओ कॉल आला. ती देवघरासमोर पाटावर बसली होती, मांडीवर मोबाईल, रेडिओचं समालोचन लावलेलं. रात्री एकपासून. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. "मुलिंग्ज मुलिंग्ज ओरडत होता," ती म्हणाली, "म्हणून कळलं."

सोमवारी निघालो, बुधवारी सकाळी घरी. खर्च मांडते: विमान 1,96,000, दोन्ही व्हिसा 31,080, पासपोर्ट 1,350, सामन्याची तिकिटं साधारण 31,500, हॉटेलच्या चार रात्री 43,000, विमा 4,800, तिथला प्रवास-खाणं-टी-शर्ट 29,400, मुंबईच्या फेऱ्या 9,000. सगळे मिळून 3 लाख 46 हजारांच्या आसपास. यातले दीड लाख मी त्या जानेवारीपासून दरमहा बाजूला टाकत गेले, बाकीचे मोडलेल्या ठेवीतले. एकट्यानं, छोट्या सामन्याला, मित्राकडे राहून गेलात तर याच्या बऱ्याच आत बसेल. व्हिसा दहा वर्षांचा मिळालाय, ती फी पुन्हा नाही.

28 तारखेला शनिवारी मिनेसोटा होता. मी पुण्याला जायचं रविवारवर ढकललं होतं. संध्याकाळी आण्णा पिवळा टी-शर्ट इस्त्री करत होते. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "बाराची म्हणजे आपली साडेनऊची ना? मग मी साडेआठला ताटं घेते."